उजव्या चाकाची चकती

जुलैतल्या एका दुपारी बायको गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून घरी आली. आत न येता ओटल्यावरच बसली आणि म्हणाली, "तुमच्या गाडीने आज मला वाटेत सोडलं."

गाडी नीट चालत असली की ती आमची असते, बिघडली की माझी. बरीच वर्षं हे ऐकत आलो आहे. "कुठे?" एवढंच विचारलं.

"कुठे म्हणजे? काळ्या मातीत. लिव्हर टाकला, तरी पुढची चाकं ओढेचनात. मागची तेवढी जागच्या जागी फिरत होती. शेवटी ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून काढलं. सगळी शाळा बघत होती. पुढे ट्रॅक्टर, मागे बेन."

बायको मही नदीच्या कोतरांकडच्या एका गावात शिक्षिका आहे; शाळा गुजराती, म्हणून मुलं तिला बेन म्हणतात. नदीकाठच्या मातीत पाण्याने कापलेल्या घळींना इकडे कोतरं म्हणतात. डांबरी रस्ता संपला की शाळेपर्यंत कपाशीच्या शेतांमधून कच्ची वाट आहे. उन्हाळ्यात तिथून स्कूटरसुद्धा जाते. पावसाळ्यात मात्र ती माती कणकेसारखी चिकटते, बुटाला धरते आणि बूट ठेवून घेते. सुरुवातीची काही वर्षं बायको डांबरापर्यंत शटल रिक्षाने जायची आणि पुढे चालायची. मग गुडघा दुखायला लागला. तेव्हा हरणी भागातल्या एका रस्ते-कंत्राटदाराची जुनी जीप आम्ही घेतली, चारही चाकं ओढणारी. चालवते बायकोच. माझ्यापेक्षा चांगली चालवते.

दुरुस्ती माझ्याकडे. वासण्याच्या आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, आवारात पत्र्याची शेड आहे, तिथे रविवारी मी गाडीखाली असतो. हौस हे त्याचं कारण नाही, गॅरेजवर माझा विश्वास नाही हे आहे. एकदा फिल्टर बदलला म्हणून सांगितलं आणि जुनाच पुसून बसवला होता. मी त्यावर आधी खडूने खूण केली होती म्हणून कळलं. मी कारखान्यात दाबमापकं तपासण्याचं काम करतो. काटा दाखवतो ते खरं नसणार असं धरूनच आमच्याकडे दिवस सुरू होतो. ही सवय घरी आल्यावर काढून खुंटीला टांगता येत नाही.

आता त्या चिखलातल्या प्रकाराबद्दल. या जातीच्या गाड्यांना पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक गोल चकती असते, मोठ्या डबीच्या झाकणाएवढी. ती हाताने पाव फेरा फिरवली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. उलटी फिरवली की चाक मोकळं होतं. मेकॅनिक तिला हब म्हणतात. दोन्ही हब जोडलेले असतील तरच आतला लिव्हर टाकून उपयोग. एक जरी मोकळा राहिला, तर इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला वाया जातो आणि पुढचं एकही चाक ओढत नाही. म्हणून पावसाळा सुरू झाला की मी दोन्ही हब जोडून ठेवतो, ते थेट नवरात्रीपर्यंत. बायकोने चिखलात खाली उतरायचं नाही, फक्त लिव्हर टाकायचा, अशी आमची व्यवस्था आहे.

त्या दुपारी मी वाकून पाहिलं. डावा हब जोडलेला होता. उजवा मोकळा.

"तू फिरवलास?" मी विचारलं.

"मी कशाला फिरवू? मी खालीच उतरले नाही. उतरले ती अडकल्यावर."

"मग अडकल्यावर फिरवला असशील. घाईत. उलटा."

तिने बूट काढले, शेजारी ठेवले आणि म्हणाली, "अहो, मी मुलांना गणित शिकवते. डावं-उजवं मला कळतं."

मी विषय सोडला. पण पटलं नव्हतं. हब आपोआप फिरत नाही. तो फिरवायला अंगठा आणि दोन बोटं लागतात आणि थोडा जोर.

पुढच्या रविवारी जीप जॅकवर उचलली, खाली घोड्या लावल्या, चाक काढलं आणि हब उघडला. आत झिजलेले दात किंवा मऊ पडलेली स्प्रिंग सापडेल असं वाटत होतं. दात ठीक होते. स्प्रिंग दाबून पाहिली, तीही ठीक. तरी नवी घातली. सगळं रॉकेलने धुतलं, नवीन ग्रीस भरलं, नवं पेपर गॅस्केट बसवलं आणि हब जोडून ठेवला. आई ओटल्यावर भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "झालं का रे? चाक पुसून ठेव, ग्रीसचे डाग पडलेत." आईचं या गाडीतलं लक्ष एवढंच, ती स्वच्छ असावी. मागच्या दसऱ्याला उंबरठा रंगवून उरलेल्या लाल ऑइलपेंटने तिने उजव्या हबच्या चकतीवर स्वस्तिक काढलं होतं, त्याच्या डोक्यावर छोटा श्री. कुंकू धुऊन जातं म्हणून रंग. त्यात चकतीवरचा बाण झाकला गेला, हे मी तेव्हा बोलूनही दाखवलं होतं. "तुझ्या बाणापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे," ती म्हणाली होती.

गुरुवारी सकाळी बायको निघण्याआधी मी सहज वाकलो. उजवा हब पुन्हा मोकळा.

आता मला नवीन स्प्रिंगचा संशय आला. ज्या दुकानातून घेतली, तिथे डबी अस्सल आणि आतला माल दुसराच असं चालतं, हे मला माहीत होतं. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, स्प्रिंग खराब असली तर हब अर्ध्यात अडकेल. तुमचा पूर्ण फिरतोय म्हणता. तो फिरत नाही, कोणी फिरवतंय." स्वतःचा माल सांभाळण्यासाठी माणूस असं बोलणारच. पण त्यात तथ्य होतं, आणि तेच मला आवडलं नाही.

कोणी फिरवतंय. कोण?

मी इन्सुलेशन टेपची एक काळी पट्टी कापली आणि चकतीपासून हबच्या कडेपर्यंत आडवी चिकटवली. चकती फिरली तर टेप सुटणार. दोन दिवस टेप जागेवर. तिसऱ्या दिवशी टेप नाही. शोधली, तर कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेली सापडली. नीट घडी करून. आणि हब मोकळा.

टेपची घडी पाऊस घालत नाही. म्हणजे कोणीतरी फाटकातून आत येत होतं, हब मोकळा करत होतं आणि वर मला तसं कळू देत होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुजराती गृहस्थ राहतात. जीप सुरू झाली की तिचा धूर त्यांच्या झोपाळ्यापर्यंत जातो, ही त्यांची जुनी तक्रार. ते खोटं बोलत नाहीत, धूर जातो. रोज सकाळी ते फुलं तोडायला आमच्या भिंतीपाशी उभे असतात, कारण जास्वंद आमची आणि फांद्या त्यांच्याकडे. मी त्यांना गाठलं. सरळ विचारायचं नव्हतं, म्हणून म्हणालो, "काका, आजकाल आपल्या गल्लीत बाहेरचं कोणी येतं का हो सकाळचं? गाडीला हात लावतात."

ते हसले. "तमारी जीपने? अरे भाई, तिला कोण हाथ लगाडे? धनुर्वात थई जाय!" मग माझ्याकडे नीट बघत ते म्हणाले, "मला विचारता के माझ्याबद्दल विचारता?"

"तसं नाही हो."

"तो बराबर," असं म्हणून त्यांनी फुलांची पिशवी घेतली आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीपाशी दिसेनात. मला वाटलं, पकडले गेले म्हणून येत नाहीत.

दरम्यान मी रोज सकाळी उजवा हब हाताने तपासायला लागलो. पण मला पहिल्या पाळीला लवकर निघावं लागतं आणि बायको माझ्यानंतर निघते. मी गेल्यावर काय होतं ते मला कळत नव्हतं. बायकोला सांगितलं की निघताना तूही बघ. तिने पाहिलंही, पण रंगाखाली बाण दिसत नाही आणि एका सकाळी तिने मोकळ्यालाच जोडलेलं समजलं. त्या दिवशी पुन्हा अडकली. या वेळी ट्रॅक्टर यायला उशीर झाला, पहिले दोन तास वर्ग बेनशिवाय बसला.

संध्याकाळी ती म्हणाली, "बदलीसाठी नाव द्यायची मुदत या आठवड्यात आहे. मी देऊन टाकते. अकोट्यात एक जागा आहे, पायी जाता येईल."

मी म्हणालो, "थोडं थांब. मी शोधून काढतो."

"तुम्ही शोधून काढाल, तोवर पावसाळा संपेल. मला रोज सकाळी घरातून निघायचीच भीती वाटते. अडकण्याची नाही हो, ट्रॅक्टर मिळतो. पण मुलं वाट बघत बसतात आणि मला खात्री देता येत नाही, की मी येईन." मग हळू आवाजात म्हणाली, "आठवीच्या मुली आहेत. मी गेले तर गणिताची जागा किती दिवस रिकामी राहील, कोणाला ठाऊक. तरी देते. तुम्ही तरी सुटाल."

बायकोला ती शाळा सोडायची नव्हती. नंतर रात्री जेवताना माझ्या डोक्यात आलेला विचार लिहायला बरा वाटत नाही, पण आला होता. हिलाच बदली हवी आहे का? आणि त्यासाठी कारण म्हणून हब? विचार टिकला नाही. कारखान्यात एखादा आकडा जुळला नाही की आम्ही आधी मोजणाऱ्याकडे बघतो, तसंच ते.

मी एक दिवसाची रजा घेतली. घरात कोणाला सांगितलं नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघालो, स्कूटर नाक्यावरच्या चहावाल्याकडे लावली आणि मागच्या गल्लीतून येऊन पुढच्या खोलीत खिडकीच्या पडद्याआड बसलो. खिडकीतून जीपचं उजवं चाक समोरच दिसतं. डावी बाजू भिंतीला लागून असते, तिकडे माणूस शिरूच शकत नाही. उजव्याच हबला का त्रास, याचं निदान एवढं कारण मला मिळालं होतं.

शेजारी बाहेर आले, झोपाळ्यावर बसले, पेपर उघडला. मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो. ते उठले नाहीत.

आई आंघोळ करून बाहेर आली. हातात तांब्या. फाटकाजवळच्या तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली आणि परत येताना जीपशी थांबली. एक हात बॉनेटवर टेकला. दुसऱ्या हाताने कमरेचा नॅपकिन काढून चकती पुसली. मान तिरकी करून पाहिलं. मग अंगठा आणि दोन बोटं लावून चकती फिरवली, थांबली, पुन्हा थोडी फिरवली. हात जोडले आणि आत आली.

मी पडद्याआडून पुढे झालो, तशी मला पाहून दचकली. "अरे! तू गेला नाहीस? बरं नाही का?"

बायको पोळ्या टाकून बाहेर आली. मी तिला खुणेने चाक दाखवलं. तिने जाऊन पाहिलं आणि आत येऊन विचारलं, "आई, तुम्ही ती चकती रोज फिरवता?"

"रोज कशाला? वाकडी दिसली की सरळ करते."

"काय वाकडं?"

"स्वस्तिक, अगं. तुम्ही गाडी कशीही उभी करता. श्री कधी आडवा, कधी उलटा. देवाचं चिन्ह असं डोक्यावर उभं ठेवतात का? बाहेर फिरताना फिरू दे, चाकच ते. पण घरी आल्यावर तरी सरळ नको? तू रोज कोतरांत जातेस."

"आणि ती टेप?" मी विचारलं.

"कुठली टेप? ती काळी पट्टी? कोणाच्या तरी पोराने चिकटवली होती. चांगली होती, काढून ठेवली, कामाला येईल म्हणून."

मी सांगायला सुरुवात केली, की चकती म्हणजे काय आणि आतला दांडा कुठे जातो. बायकोने मला हाताने थांबवलं. आईशेजारी सोफ्यावर बसली. "आई, त्या चकतीने चाक गाडीला जोडलं जातं. ती फिरली की चाक सुटं होतं. दिसायला जागेवर, पण ओढत नाही."

आईने दोघांकडे पाहिलं. "म्हणजे त्या दिवशी तू अडकलीस ते..."

"ते चिखलामुळे," बायको म्हणाली.

"खोटं बोलू नकोस." आईने नॅपकिनची घडी घातली, उलगडली. मग तिचा रोख माझ्याकडे वळला. "स्प्रिंगवाल्याला विचारलंस. शेजाऱ्यांना विचारलंस, ते परवा मला सांगत होते. हिला तर दहादा विचारलंस. मी ओटल्यावर बसलेली असते. मला एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आईवर संशय घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. म्हणजे मी तिला जमेतच धरलं नव्हतं, आणि तिला लागलं ते हेच.

स्वस्तिक पुसायचं का, यावर संध्याकाळी बायको शाळेतून आल्यावर चर्चा झाली. आई म्हणाली, काढलेलं स्वस्तिक पुसत नाहीत. मी म्हणालो, बाण दिसला पाहिजे. शेवटी बायकोने पांढऱ्या रंगाने कडेला, हबच्या न फिरणाऱ्या भागावर एक रेघ मारली आणि तिच्या समोर चकतीवर दुसरी. दोन्ही रेघा समोरासमोर म्हणजे जोडलेलं. आईने ते दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे रेघ सरळ पाहिजे, स्वस्तिक नाही."

"हो."

"बरं. मग नमस्कार लांबूनच करीन."

शेजाऱ्यांकडे मी जाऊन आलो. ते झोपाळ्यावरून उठले नाहीत, पण चहा सांगितला. तो पिऊन उठलो. दुसऱ्या दिवशी जास्वंदीची फांदी त्यांच्या बाजूला वाकलेली दिसली, फुलं तोडलेली.

नाव द्यायची मुदत संपायला एक दिवस उरला होता. बायको म्हणाली, "आता कळलं ना? मग मी नाव देत नाही."

"थांब," मी म्हणालो. "उद्या मी अजून एक रजा टाकून बरोबर येतो. आईने फिरवलं हे खरं. पण आईनेच प्रत्येक वेळी फिरवलं, हे अजून ठरलेलं नाही. एकदा काळ्या मातीत पाहू. मग काय ते ठरव."

"आता आईंवरही विश्वास नाही?"

"आईवर आहे. हबवर नाही."

तिने कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाली नाही. तिलाही खात्री हवी होती, माझ्यासारखीच; फक्त ती तसं कबूल करत नाही.

रात्री पाऊस झाला होता. सकाळी डांबर संपलं तिथे बायकोने गाडी थांबवली, लिव्हर टाकला आणि मला म्हणाली, "आत बसून काय दिसणार?"

"मी पुढे चालत जाऊन उभा राहतो. तू आलीस की चाकाकडे बघतो."

"बघा. पण मी थांबणार नाही हं. या चिखलात एकदा थांबलं की संपलं."

मी पँट वर करून पुढे गेलो. सगळ्यात खराब जागी, जिथे पाणी साचून वाट दिसत नव्हती, तिथे कडेला बांधावर उभा राहिलो. ती आली. इंजिनाचा आवाज खाली गेला, गाडी थोडी तिरकी झाली, मागचं चाक घसरलं. आता अडकणार असं वाटलं आणि त्याच क्षणी पुढचं चाक मातीला पकडून वर चढू लागलं. माझ्या शर्टावर, चष्म्यावर चिखल उडाला. मी हात वर केला. तिने पाहिलं असावं, पण थांबली नाही. गाडी पलीकडच्या चढावर चढली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

मी चष्मा पुसला आणि मागोमाग चालायला लागलो. प्रत्येक पावलाला बूट जड होत होते. एकदा डावा बूट मातीतच राहिला, तो हाताने उपसून काढावा लागला. बायको इतकी वर्षं हेच चालत होती, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं.

शाळेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. जीप झाडाखाली उभी होती. बायको वर्गाच्या दारात खडू हातात घेऊन आली. मागून मुली डोकावत होत्या. एकीने हळूच विचारलं, "बेन, आ कोण छे?"

"गाडीवाळा," बायकोने तिला सांगितलं आणि मुली हसल्या. मग मला म्हणाली, "काय? ओढलं का दोन्हींनी?"

"उजव्याने ओढलं. नीट पाहिलं."

"आणि डाव्याने?"

"डावं मला दिसलं नाही. मी उजवीकडे होतो. एक ओढतं म्हणजे दुसरंही ओढत असणार, पण असणार म्हणजे पाहिलं असं नाही."

तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग शर्टाकडे. "परत जाताना डावीकडे उभे राहा," ती म्हणाली. "मी नाव देत नाहीये. नळ तिकडे आहे, पाय धुवून आत या." आणि वर्गात जाऊन तिने अर्धवट राहिलेलं उदाहरण फळ्यावर पुढे सोडवायला घेतलं.